आई आज हिरवी आली

“कागदावरी आली पुनव, उंबऱ्यात आली आवस,
भाचेराया माझ्या राजा, कुणी फेडली तुझी हौस!”

विठाबाई आत्यांचा आवाज जात्यावर घडलेला होता. वरून पीठ, आतून दगड. कऱ्हाडच्या दारात त्यांनी ही ओवी टाकली तेव्हा नव्या नवरीचा पाय माप ओलांडायला उचललेला होता. तो क्षणभर तसाच अधांतरी राहिला. जमलेल्या बायका पदराआड हसल्या. भाचेराया, म्हणजे नवरदेव गुणवंतराव, मुंडावळ्यांच्या पडद्याआड उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते काही बोलले नाहीत. मग पाय खाली आला, माप लवंडलं, तांदूळ पसरले आणि इंदुमतीबाई संसाराला लागल्या.

दोष सगळा त्या फोटोचा होता. मुलगी दाखवण्याआधी मुलाकडे फोटो धाडायचा रिवाज, म्हणून मिरजेच्या एका फोटोग्राफरपुढे इंदुमतीला स्टुलावर बसवली होती. आईनं पावडरचा डबा बरोबर नेला होता. “जरा उजळ येऊ दे हो,” ती फोटोग्राफरला म्हणाली. तो म्हणाला, “उरलंसुरलं मी शिसपेन्सिलीनं करतो, वहिनी. काळजी नको.” आणि त्यानं केलं. निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल अशी फिरवली की फोटोतली मुलगी बघून खुद्द इंदुमतीलाच तिचा हेवा वाटला. ही कुठल्या गावची, हिला सासर कुठलं मिळणार, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

त्या ओवीचं एक बरं होतं. ती कऱ्हाडातच राहिली. गुणवंतरावांची नोकरी दिल्लीला, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात. बिऱ्हाड लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिथं शेजारी मद्रासी, वर बंगाली, समोर पंजाबी. ओवी कुणाला कळणार आणि आवस कुणाला? पण आवाज मात्र माणसाबरोबर प्रवास करतो, त्याला तिकीट लागत नाही. भाकरी थापताना, अंगणात लोकरीचे कपडे उन्हात घालताना तो मधूनच यायचा. इंदुमतीबाई त्याला पाहुण्यासारखा बसवून घेत आणि आपलं काम करीत.

एक गोष्ट त्यांनी स्वतःशी ठरवून टाकली होती. माणूस भला, फसवला गेला, आणि भलेपणानं गप्प बसला. नवऱ्याला हे कधी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता. गुणवंतरावांनी उभ्या नोकरीत एकाही फायलीवर स्वतःचं मत लिहिलं नव्हतं. ‘आदेशार्थ प्रस्तुत’ एवढं लिहायचं आणि फाइल वर सरकवायची, या एका गुणावर ते अवर सचिव होऊन सन्मानानं निवृत्त झाले. घरीही तेच. आमटीत मीठ कमी आहे का, तर “तू बघ.” मुलाला सायन्सला घालायचं का, तर “विचार करू.” पन्नास वर्षांपूर्वीच्या फोटोबद्दल विचारलं आणि ते “तू बघ” म्हणाले असते, तर काय बघायचं होतं?

आता दोघं मयूर विहारला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. मुलगा संग्राम नोएडाला सॉफ्टवेअर कंपनीत. सून देवयानी बँकेत. नात रसिका नववीत. जमनापार, म्हणजे यमुनेपलीकडच्या भागात नवे पूल, नवे बाजार, नवे हप्ते असा सगळा काळ होता. आणि या नव्या काळात तो जुना फोटो परत आला.

संग्राम पुण्याला एका लग्नाला गेला होता. तिथं त्याला शुभदाताई भेटली. ही विठाबाईंची सख्खी नात. “आजीच्या ट्रंकेत सापडला बघ,” म्हणून तिनं पाकीट दिलं. संग्राम विमानतळावरून घरी आला तो बूटही न काढता म्हणाला, “आई, डोळे मीट!”

इंदुमतीबाईंनी मिटले. उघडले तर समोर मिरजेची मुलगी. तीच पेन्सिल, तीच पावडर.

“ओ माय गॉड, आजी!” रसिका किंचाळली. “तू कितनी गोरी होतीस यार!”

गुणवंतरावांनी चष्मा लावला, फोटो पाहिला, चष्मा काढला.

“बाबा, कसा आहे?”

“पाहिला,” गुणवंतराव म्हणाले.

बेत असा ठरला, म्हणजे संग्रामनं ठरवला. आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस येत्या माघात सोसायटीच्या हॉलमध्ये करायचा. स्टेजवर हा फोटो मोठा करून, चांदीच्या रंगाच्या फ्रेममध्ये, झेंडूच्या कमानीखाली. शुभदाताई पुण्याहून मुद्दाम येणार. तिला पहिल्या रांगेत बसवायची, फोटो तिच्यामुळे मिळाला ना!

“मी काय म्हणते,” इंदुमतीबाई म्हणाल्या, “आमचा दोघांचा एखादा लाव की. काश्मीरचा आहे, शिकाऱ्यातला.”

“त्यात बाबांचं डोकं कापलंय, आई.”

“मग कापलेलं लाव. ते काही म्हणणार नाहीत.”

संग्राम हसला. आई लाजते आहे, असा त्याचा समज झाला. मुलं शिकून मोठी झाली की त्यांना आईच्या सगळ्याच गोष्टी गोड वाटू लागतात, आणि मग ती काय म्हणते ते ऐकण्याची गरज उरत नाही.

बाजारातल्या स्टुडिओत तो फोटो देऊन टाकला असता तर ही कथाच झाली नसती. पण स्टुडिओवाल्यानं विचारलं, “पीछे ताजमहल डाल दूँ, सर?” संग्रामच्या स्वाभिमानाला ठेच लागली. दिवसभर ज्याच्या हाताखाली आठ-दहा इंजिनियर राबतात त्यानं आईचा फोटो ताजमहालापुढे उभा करून आणायचा? त्यानं नेहरू प्लेसहून स्कॅनर आणि शाईचा रंगीत प्रिंटर आणला. फोटो-क्वालिटी, सहा शायांचा. खोक्यावर हसणारी परदेशी मुलगी, तिच्या हातात फुगे. डायनिंग टेबलावर तो मांडला गेला आणि त्या दिवसापासून घरच्यांची पानं सोफ्यावर गेली.

“एक प्रिंट काढायची आहे ना?” देवयानीनं विचारलं.

“सेटिंग करायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं.”

देवयानी बँकेत कर्जविभागात होती. पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टींची तिला सवय होती. तिनं ताट उचललं आणि सोफ्यावर जाऊन बसली.

पहिला कागद खरखरत बाहेर आला. सगळे वाकले.

“आई आज हिरवी आली,” संग्राम म्हणाला.

हिरवी म्हणजे अगदी कैरीसारखी नव्हे. पाण्यात भिजत घातलेल्या मुगासारखी. इंदुमतीबाईंनी कागद हातात घेतला. काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवा रंग कुठून आला, हे कोडं त्यांना पडलं नाही. इतकी वर्षं दिल्लीत काढल्यावर काहीही कुठूनही येऊ शकतं हे त्यांनी मानलं होतं. उलट थोडं बरंच वाटलं. ही हिरवी बाई कुणी वेगळीच होती. हिला स्टेजवर बसवली असती तरी चाललं असतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी संग्राम ऑफिसातून आला की इंदुमतीबाईंचा एक नवा अवतार निघे. सोमवारी जांभळ्या. मंगळवारी नवीन लग्न झालेल्या मुलीसारख्या गुलाबी. एकदा तर निळ्या आल्या, तेव्हा रसिकानं कागदाला हात जोडले. संग्रामनं चिडून नुसती काळी शाई वापरायचा हुकूम दिला, तर रंग गेला, पण गालावर बारीक बारीक ठिपके उमटले. देवी येऊन गेल्यासारखे. इंदुमतीबाई सोफ्यावर बसून मटार सोलत आणि आपले हे जन्म तटस्थपणे पाहत. लहानपणी देवळातले दशावतार पाहिले होते, त्यात इतके नव्हते.

शहाणे शेजारी ही दिल्लीची खरी दौलत. चिमूटभर अडचण दाराबाहेर ठेवा, पोतंभर सल्ला घरात येतो. समोरच्या भाटियाजींनी, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींनी, निदान केलं, “व्होल्टेज की गड़बड़ है जी. जमनापार की बिजली में रंग आ ही जाता है.” एक स्टॅबिलायझर आला. तो प्रिंटरपेक्षा मोठा होता आणि फ्रीजसारखा कण्हायचा. मिसेस भाटियांचं म्हणणं, कागदाला थंडी लागते आहे, हीटरजवळ ठेवा. ठेवला. आई कडेनं सुरळी झाली.

पण मिसेस भाटियांनी दुसरंही एक म्हटलं. गुलाबी प्रिंट हातात धरून त्या म्हणाल्या, “आंटी, आप तो बिल्कुल हीरोइन थीं! इतनी गोरी! अब क्या हो गया?”

“दिल्ली की धूप,” इंदुमतीबाई म्हणाल्या आणि मटाराची एक शेंग जरा जोरात फोडली. दाणे टेबलाखाली गेले.

खरे जाणते निघाले ते खालच्या मजल्यावरचे घोषबाबू. तरुणपणी त्यांनी घराचं न्हाणीघर बंद करून त्यात फोटो धुतले होते. त्यामुळे त्यांच्या घरात आंघोळीवरून झालेली भांडणं अजून सोसायटीत सांगतात. त्यांनी प्रिंट घेतली आणि एखाद्या वैद्यानं जीभ पाहावी तशी उजेडात धरली.

“इस बेचारे के पास ग्रे है ही नहीं,” ते प्रिंटरकडे बोट करून म्हणाले. “सब रंग मिला के ग्रे बनाता है. एक बूँद ज़्यादा, तो माताजी हरी. एक बूँद कम, तो लाल. और यह भी देखो, किस रोशनी में देखते हो.”

मग ती एक वरातच निघाली. ट्यूबलाइटखाली फोटो झकास करडा. तोच बाल्कनीच्या उन्हात हिरवट. देवघरातल्या पिवळ्या दिव्यापुढे तांबूस. घोषबाबू पुढे, हातात फोटो. मागे संग्राम, वहीत पेन. मागे रसिका, मागे भाटियाजी. या खोलीतून त्या खोलीत, जोगवा मागत फिरल्यासारखे. गुणवंतराव बाल्कनीत पेपर वाचत होते. वरात त्यांच्यापाशी आली.

“बाबा, तुम्हाला कसा वाटतो? हिरवा की ग्रे?”

“घोषबाबू म्हणतात ते पाहा,” गुणवंतराव म्हणाले. फाइल पुढे गेली.

हे सगळं चाललं असताना प्रिंटर कंपनीच्या सेवा केंद्राचा फोन लागला. तो लागणं हीच एक बातमी होती. संग्रामनं स्पीकर चालू केला.

“सर, समस्या क्या है?”

“ब्लैक एंड व्हाइट फ़ोटो में कलर आ रहा है.”

“कलर आ रहा है?”

“जी.”

“तो सर, कंप्लेंट क्या लिखूँ?”

“यही, कि कलर आ रहा है!”

“सर, कलर नहीं आता तो मैं कंप्लेंट लिख लेती. कलर आ रहा है, इसका कॉलम नहीं है.”

शेवटी एक इंजिनियर आला. त्यानं आधी वॉरंटी कार्ड मागितलं. त्यावर दुकानाचा शिक्का नव्हता. संग्राम शिक्क्यासाठी अर्धा दिवस रजा टाकून नेहरू प्लेसला गेला. शिक्का मिळाला, पण तारीख राहिली, पुन्हा गेला. मग इंजिनियरनं आपल्या पिशवीतून नमुन्याचं चित्र काढून छापलं. फळांची टोपली आणि तिच्यावर पोपट. सुरेख आलं.

“तोता देखिए सर, कितना बढ़िया.”

“तोता हराच होता है!” संग्राम ओरडला. रागात त्याची हिंदी नेहमी साताऱ्याला जायची. “मेरी माँ हरी नहीं है!”

इंजिनियरनं सोफ्यावरच्या इंदुमतीबाईंकडे एकदा पाहिलं. खात्री करून घेतल्यासारखं. मग कागदावर लिहिलं, ‘समस्या नहीं पाई गई’, आणि सही घेऊन गेला. तो पोपट देवयानीनं फ्रीजवर लावला. संग्राम पाणी प्यायला गेला की त्याला पाहावा लागे.

पोपटाची कीर्ती सोसायटीत पसरली. लोक येऊ लागले. कुणाला मुलाच्या प्रोजेक्टसाठी हत्ती हवा, कुणाला ट्यूशनची जाहिरात. दार सारखं वाजू लागलं तसं भाटियाजींच्या लक्षात आलं की निवासी फ्लॅटमध्ये छपाईचा धंदा हा उपविधींचा भंग आहे. शेजारधर्म वेगळा आणि सेक्रेटरीपण वेगळं. त्यांनी संग्रामच्या नावे नोटीस तयार केली. पण सोसायटीचा टाइपरायटर मोडला होता. मग संध्याकाळी तेच फ्लॉपी घेऊन आले, संकोचून उभे राहिले आणि म्हणाले, “संग्राम जी, एक छोटा-सा प्रिंट निकालना था.”

संग्रामनं स्वतःवरची नोटीस स्वतःच्या शाईनं छापून दिली. ती जांभळी आली. समितीच्या बैठकीत एका निवृत्त ऑडिटरनं हरकत घेतली की अधिकृत नोटीस काळ्या शाईत असावी लागते, ही बाद. विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब.

आणि मग एका रविवारी, घोषबाबूंनी चहाचा तिसरा कप खाली ठेवता ठेवता, ते जमलं. कागदाचा प्रकार बदलला, गुलाबी दोन घरं खाली, हिरवा एक घर खाली, उजळपणा जरा वर. आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर निर्मळ करडी इंदुमती बाहेर आली. ट्यूबलाइटखाली करडी. उन्हात करडी. देवापुढेही करडी. आणि पांढरी. माघाच्या चांदण्यासारखी पांढरी. पेन्सिलीची ती जुनी किमया आता एकेका केसापर्यंत स्पष्ट दिसत होती.

घोषबाबूंनी टाळी वाजवली. भाटियाजींनी सेक्रेटरीपण विसरून संग्रामला मिठी मारली. देवयानीसुद्धा म्हणाली, “मानलं बाबा. सुंदर!” संग्रामनं सगळी सेटिंग वहीत उतरवून घेतली. आता शनिवारी सकाळी चांगल्या कागदावर मोठी प्रत काढायची, दुपारी फ्रेम, संध्याकाळी समारंभ.

“शुभदाताई बघतच राहील,” तो म्हणाला.

इंदुमतीबाईंना दिसलं ते असं: हॉल भरलेला, झेंडूची कमान, कमानीखाली ती पिठासारखी मुलगी. तिच्या शेजारी खुर्चीवर आपण. पहिल्या रांगेत विठाबाईंची नात, तेच नाक, तीच हनुवटी. सगळे एकदा फोटोकडे बघणार, एकदा आपल्याकडे. आणि आपल्या पलीकडे हे. पन्नास वर्षांपूर्वी मुंडावळ्यांआड उभे होते तसेच. त्यांना पुन्हा एकदा सगळ्यांदेखत दाखवायचं, की बघा, कबूल काय केलं होतं आणि पदरात काय पडलं.

शुक्रवारी घरात कुणी नव्हतं. गुणवंतराव बाल्कनीत पेपरमागे होते, म्हणजे नव्हतेच. इंदुमतीबाईंनी फडकं घेतलं आणि डायनिंग टेबलाची धूळ पुसायला घेतली. प्रिंटरच्या कडेला एक बटण होतं, त्यावर थेंबाची खूण. मागे रसिकानं ते गंमत म्हणून दाबलं तेव्हा संग्राम केवढा ओरडला होता. “अगं, तो नळ्या धुतो! प्रत्येक वेळी शाई पिऊन टाकतो!”

इंदुमतीबाईंनी थेंब पुसला. पुसताना बोट जरा टेकलं. प्रिंटर घशात गुळणी केल्यासारखा गुरगुरला आणि शांत झाला. त्यांनी मान वळवून बाल्कनीकडे पाहिलं. पेपर जागच्या जागी होता. त्यांनी रामरक्षा सुरू केली. एक श्लोक म्हणायचा, एकदा थेंब पुसायचा. यंत्र मोठं भाविक निघालं. शेवटच्या श्लोकापर्यंत साथ दिली. मग त्यावरचे लाल दिवे लुकलुकू लागले आणि इंदुमतीबाई फडकं झटकून वरणाला फोडणी द्यायला गेल्या.

शनिवारी सकाळी संग्रामनं कळ दाबली. संगणकावर रिकाम्या दौतींचं चित्र आलं.

“अशक्य! परवा अर्ध्याच्या वर होती!”

“पोपट प्यायला असेल,” देवयानी म्हणाली.

“बाबा, कुणी हात लावला होता का?”

“शाई कशी संपली,” पेपरमागून आवाज आला, “या विषयावर मला काही म्हणायचं नाही.”

इंदुमतीबाईंचा हात परातीतल्या कणकेत थबकला. पण पेपर हलला नाही.

संग्राम नेहरू प्लेसला धावला. दुकानदारानं दुःखद चेहऱ्यानं सांगितलं की हे मॉडेल आता बंद झालं. शाई आठवड्यानं येईल, किंवा नवा प्रिंटर घ्या, त्याची आज मिळेल. काळ किती वेगानं पुढे चालला होता! पन्नास वर्षांपूर्वीची बाई शाबूत होती आणि दिवाळीनंतर घेतलेला प्रिंटर पुरातन झाला होता. शेवटी जिन्याखाली बसणाऱ्या एकानं सुईनं दौतींत शाई भरून दिली. कसली शाई, असं विचारायचा धीर संग्रामला झाला नाही.

घरी येऊन त्यानं चांगला कागद लावला. सेटिंग वहीबरहुकूम. सगळे टेबलाभोवती जमले. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. आधी केसांचा भांग, मग कपाळ. कपाळ काळवंडलेलं. नाक आलं, गाल आले, हनुवटी आली. सगळं दाट. नवी शाई जिथं थेंब हवा तिथं ओंजळ टाकत होती. पेन्सिलीनं केलेलं सगळं चांदणं त्यात बुडून गेलं. उरले डोळे, डोळ्यांतली ठिणगी आणि वरच्या ओठाची जरा हट्टी कड.

“बिघडला,” संग्राम खुर्चीत कोसळला. “आई पार काळी आली.”

दोन महिन्यांची हिरवी, जांभळी, निळी आई एका बाजूला, आणि ही एका बाजूला. इंदुमतीबाईंनी एकदाच पाहिलं. मिरजेच्या घराच्या परसातल्या हौदात वाकून पाहिलं की जी दिसायची, ती होती. त्या चटकन स्वयंपाकघरात वळल्या. कढईत काही नव्हतं, तरी झारा फिरवला.

संग्रामनं तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला. पोस्टकार्डाएवढी पांढरी इंदुमती पाकिटात घातली. “ताजमहालवाल्याकडेच जातो. तो यावरून मोठा करून देईल. हरलो मी.” तो बुटाची नाडी बांधू लागला.

“संग्राम. थांब.”

आवाज कुणाचा ते आधी कळलं नाही. या घरात तो आवाज आज्ञार्थी क्रियापद वापरीत नसे. गुणवंतराव बाल्कनीतून आत आले होते. ते टोपलीपाशी कष्टानं वाकले. चुरगाळलेला कागद त्यांनी उचलला, टेबलावर ठेवला आणि तळहातानं हळूहळू सरळ केला, इस्त्री करावी तसा. शाई पुरती वाळली नव्हती. तळहात काळा झाला.

“हा लावायचा,” ते म्हणाले.

“बाबा, हा खराब झालाय! आईचा रंग...”

“तोच म्हणतो मी. हा बरोबर आलाय. तो दुसरा बरोबर नाही. कधीच नव्हता.”

झारा थांबला. इंदुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“मला दिल्लीला टपालानं आला होता तो फोटो,” गुणवंतराव कागदाकडेच बघत बोलत होते. “मी फोटोसकट उत्तर धाडलं होतं, नको म्हणून. पिठाच्या बाहुलीशी काय बोलायचं जन्मभर? वडील ऐकेनात. नुसती बघून तर ये, म्हणाले. मिरजेला गाडी वेळेआधी पोचली. मी पत्ता चुकलो आणि घराच्या मागल्या दाराशी गेलो. परसात एक मुलगी कांडत होती, हळद. हात कोपरापर्यंत पिवळे. मला म्हणाली, ‘पुढल्या दारानं या. इकडं बायकांचं काम चाललंय, दिसत नाही का?’”

“अगं बाई,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “ते तुम्ही होतात?”

“मी पुढल्या दाराशी जाईपर्यंत ठरवून टाकलं होतं की फोटोतली हिची बहीण असणार, तिला नाही म्हणायचं आणि ही कोण ते विचारायचं. मग आतून तुला आणली. पावडर लावून, नजर खाली. पण पावडर हनुवटीपर्यंतच होती, मान तुझीच होती. नखांत हळद होती. मी लगेच हो म्हटलं. वडिलांना वाटलं, फोटोनं काम केलं.”

“आणि आत्याबाई?” हा प्रश्न पन्नास वर्षं कुठं होता कुणास ठाऊक, बाहेर आला तेव्हा अगदी कालचा होता. “माझा पाय वर होता. त्या म्हणाल्या, आवस आली. तुम्ही शेजारी होतात. तेव्हा का नाही बोललात?”

“त्यांनी मला विचारलं नव्हतं,” असं गुणवंतरावांनी म्हणून पाहिलं. ते त्यांनाच पटलं नाही. “शब्द जुळवत होतो. जुळेपर्यंत तू आत गेलीस. मग दिल्ली आली. मग... राहिलं.”

“राहिलं!” इंदुमतीबाईंनी झारा टेबलावर ठेवला. “मला आपलं वाटायचं, माणूस फसला बिचारा.”

“फसलो असतो,” गुणवंतराव म्हणाले, “गाडी वेळेवर आली असती तर.”

संग्राम एका पायात बूट घालून तसाच बसला होता. देवयानी तोंडावर पदर नसताना पदर धरल्यासारखी उभी होती. रसिकाला मात्र राहवेना.

“आजोबा, वेट, मला समजलं नाही. आजी गोरी नव्हती?”

“नाही. सावळी होती.”

“सावळी मतलब?”

गुणवंतरावांनी आपला काळा झालेला तळहात धोतराला पुसला, तो ओला कागद दोन्ही हातांनी उचलला आणि नातीच्या पुढे धरला.

“ही,” ते म्हणाले. मग नातीकडे न बघता, दारातल्या बाईकडे बघून, सबंध नोकरीत एकाही फायलीवर न लिहिलेलं त्यांनी सांगून टाकलं, “मला हीच पाहिजे होती.”